उकळलेला दगड

मासा घरी आला त्या दिवशी आईनं दादाच्या खोलीची आतली कडी काढून टाकली.

"तो टाकीपाशीच आहे ना?" तिनं कुजबुजत विचारलं. हातात स्क्रू-ड्रायव्हर, ओठांत धरलेले दोन स्क्रू.

"हो. पिशवी पाण्यात सोडून बसलाय."

"मग तू दारात उभी राहा. उठला तर खोक."

मी दारात जाऊन उभी राहिले. बाहेरच्या खोलीत दादा स्टुलावर बसला होता. समोर काचेची टाकी, टाकीत तरंगणारी प्लास्टिकची फुगीर पिशवी आणि पिशवीत तो मासा. टाकीतलं पाणी दादा चमच्याचमच्यानं पिशवीत घालत होता, मध्येच थांबत होता. नव्या पाण्याची सवय एकदम होत नाही म्हणे, सावकाश करावी लागते.

"बघतेस?" मान न वळवता तो म्हणाला. "फुलपाखरू मासा म्हणतात याला."

मी जवळ गेले. पत्त्यासारखा चपटा, रुपेरी अंगावर उभे नारिंगी पट्टे, शेपटीकडे डोळ्यासारखा एक काळा ठिपका आणि तोंडाच्या जागी लांब, बारीक चोच. सुंदर होता. पण मी माशाकडे नाही, दादाकडे बघत होते. घरी आल्यापासून त्यानं माझ्याशी आपणहून बोललेलं हे पहिलंच वाक्य होतं.

माझा भाऊ निनाद मालवाहू जहाजावर अधिकारी होता. त्या वर्षी थंडी संपता संपता कंपनीतून फोन आला, की जहाजावर अपघात झाला, दोघं दगावले, निनाद ठीक आहे. "निनाद ठीक आहे" हे आईनं मला आणि समोरच्या बिराजदारकाकांना किती वेळा सांगितलं असेल. मग निनाद आला. बॅग कोपऱ्यात ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. काय झालं ते त्यानं सांगितलं नाही. कंपनीचे फोन आले की तो मोबाइल उशीखाली सरकवायचा. एवढंच कळलं होतं, की गेलेल्यांपैकी एक सावियो होता. वसईचा सावियो, त्याचा अगदी जवळचा मित्र. दोनदा आमच्या घरी येऊन आईच्या हातच्या शेंगाचटणीवर ताव मारून गेलेला.

आई तीस वर्षं दवाखान्यात सिस्टर होती. बार्शीकर सिस्टर म्हटलं की सोलापुरातल्या निम्म्या बायका अजून ओळखतात. माणूस कुठल्या वाटेनं चाललाय हे तिला चेहऱ्यावरून समजायचं. तिनं आधी औषधांचा डबा बिराजदारांकडे नेऊन ठेवला. मग माळ्यावरची नायलॉनची दोरी दिसेनाशी झाली. मग ही कडी. या सगळ्याबद्दल आम्ही दोघी कधी उघड बोललो नाही. ती काढत गेली आणि मी बघत गेले.

म्हणून दादानं खाऱ्या पाण्याची टाकी हवी म्हटल्यावर आई लगेच तयार झाली. "काहीतरी मागितलं त्यानं," एवढंच ती मला म्हणाली, आणि डोळे पुसले.

सोलापूरसारख्या गावात, तेही मे महिन्यात, समुद्रातला मासा सांभाळायचा म्हणजे वेडेपणाच होता. बाहेर अंगाची लाही होत होती आणि आमच्या टाकीतलं पाणी गार राहायला हवं होतं. दादानं टेबलफॅन पाण्यावर रोखून लावला. फ्रिजमध्ये गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या आळीपाळीनं टाकीत सोडायचो. पंख्यानं पाणी उडून जायचं, मग खारेपणा वाढायचा, मग तो मोजून त्यात गोडं पाणी घालायचं. वीज गेली की घरातला इन्व्हर्टर फक्त टाकीला. आम्ही तिघं घामानं निथळत बसायचो आणि पाण्यात बुडबुडे येत राहायचे. आईला त्याचं काही वाटायचं नाही. ती बुडबुड्यांकडे बघत राहायची.

सगळं ठीक होतं, फक्त मासा खात नव्हता.

दादानं बर्फात घालून मुंबईहून कालवं मागवली, बारीक चिरून टाकली. कोळंबीचा कीस करून पाहिला. शिंपलं उघडून तळाशी ठेवलं. मासा जवळ यायचा, चोच पुढे करायचा, आणि जणू वास आवडला नाही असा मागे फिरायचा. चोच मारायचा ती फक्त एका दगडावर. टाकीबरोबर दुकानदारानं समुद्रातले दगड पाठवले होते, त्यांतला हा एक. त्यावर शर्टाच्या गुंड्यांएवढी तपकिरी फुलं उगवली होती. ती फुलं नव्हेत, जीव होते. हात जवळ नेला की मिटायचे.

"या दगडाला हात लावायचा नाही हां," दादानं आम्हा दोघींना बजावलं होतं. तो स्वतः कोपरापर्यंत रबरी मोजे आणि चष्मा घालूनच टाकीत हात घालायचा. "विषारी असतात हे."

आईनं मान डोलावली होती.

मासा वाळत चालला. डोक्यामागे दोन्ही बाजूंना खळगे पडले. आणि तसाच दादा वाळत चालला. मासा दगडाला चोच मारताना दिसला त्या दिवशी दादा भाकरी खायचा. नाही दिसला त्या दिवशी ताट तसंच परत यायचं. आईनं हे हेरलं होतं. सकाळी उठल्या उठल्या ती आधी टाकीकडे जायची, मग देवाकडे.

"विभा," एकदा कणीक मळता मळता ती म्हणाली, "हा मासा मेला तर गं?"

तेव्हापासून मलाही सकाळी टाकीकडे जायची भीती वाटायला लागली. पडद्याआडून आधी बघायचे, पट्टे हलताना दिसले की मगच पुढे व्हायचे.

एक दिवस मासा कोपऱ्यात जाऊन राहिला. कल्ले भराभर हलत होते, चोचीच्या टोकाला सूज आल्यासारखी दिसत होती. दादा बराच वेळ बघत राहिला. मग मोजे चढवून त्यानं तो गुंड्यांचा दगड बाहेर काढला, बादलीत ठेवला, वर झाकण टाकलं आणि बादली मागच्या अंगणात नेली.

"यानंच झालं असणार. फार पसरलेत हे."

"टाकून देऊ का?" आईनं विचारलं.

"नको, तू हात लावू नको. संध्याकाळी बघतो मी त्याचं काय करायचं ते."

पण दगड गेला तसा माशाचा उरलासुरला चाळाही थांबला. दुपारपर्यंत तो कोपऱ्यात तिरपा होऊन तरंगत होता. दादा काचेला तळहात लावून बसला होता. शेवटी उठला आणि म्हणाला, "पाणी बदलून बघतो. प्लांटवरनं गोड्या पाण्याचे कॅन आणतो, मीठ आहे घरात."

"तू पण जा गं त्याच्याबरोबर," आई घाईनं मला म्हणाली. त्याला एकट्याला ती कुठेच पाठवत नसे.

येताना स्कूटरवर दोन हातांत दोन कॅन धरून मी मागे बसले होते. झळा तोंडावर येत होत्या. आमच्या गल्लीत झळांमुळे सगळ्यांची दारं-खिडक्या बंद होती, आमचीही.

मी किल्लीनं दार उघडून आत पाऊल टाकलं आणि वास आला. शिंपल्या शिजवल्यासारखा, पण त्यात काहीतरी कडवट, जिभेवर बसणारं. स्वयंपाकघराच्या दारातून वाफ येत होती. आतून आईच्या खोकण्याचा आवाज आला. साधा खोकला नव्हता तो. श्वास आत घेता येत नसल्यासारखा, ओढून ओढून.

"आई!" मी धावले.

मागून दादानं माझं मनगट पकडलं.

"थांब."

"अरे, आई—"

"आत जायचं नाही!"

हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मी वळून बघितलं. तो मागच्या दाराच्या काचेतून अंगणात बघत होता. बादलीवरचं झाकण बाजूला पडलं होतं. बादली रिकामी होती.

"आई! तशीच बाहेर ये! गॅस राहू दे, बाहेर ये!" तो ओरडला.

वाफेतून मला आईच्या साडीचा काठ दिसला. ती ओट्याशी खाली बसली होती. तिनं एक हात वर केला, ओट्याची कड धरायचा प्रयत्न केला, आणि हात घसरला.

"सोड मला! दादा, सोड! ती मरेल रे!"

त्यानं सोडलं नाही. तोही पुढे झाला नाही. नुसता उभा राहिला, माझं मनगट घट्ट धरून, डोळे वाफेवर खिळवून. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. इतके दिवस ज्याला आम्ही घाबरत होतो ते हेच, असं मला वाटलं. हा आता इथं नाहीच. हा कुठेतरी दुसरीकडे उभा आहे, आणि याच्या डोळ्यांदेखत आई जाणार आहे. मी त्याच्या हाताला कडकडून चावले. तोंडात रक्ताची चव आली. तरी बोटं सुटली नाहीत.

मग त्यानं मला स्वतःकडे ओढलं.

"विभा, माझ्याकडे बघ. तू आत गेलीस तर तूही पडशील, मग मी दोघींना ओढू शकणार नाही. समोरनं बाहेर पड, बोळातनं मागे जा. वीट घे, खिडकी फोड. श्वास रोखून फोड आणि लगेच मागे हो. आत तोंड घालायचं नाही. कळलं? मी मागचं दार उघडतो."

"आणि आई?"

"आईला मी आणतो. पळ!"

मी पळाले. बोळात वीट सापडली. खिडकीची काच फुटली तेव्हा पांढरी वाफ एकदम बाहेर आली, आणि मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले. आत काहीतरी पडल्याचा आवाज झाला. मग मागच्या दाराची कडी निघाली. तोंडावर ओला टॉवेल बांधलेला दादा आईला काखेत धरून मागे मागे ओढत अंगणात आला. तिचे ओठ निळे पडले होते.

"बिराजदारकाकांची गाडी! पळ!"

मी निघाले तेवढ्यात तो परत आत गेला. शेजारची पोरं कुंपणावर चढून बघायला लागली होती, आणि ती वाफ त्यांच्याकडे चालली होती. गॅस बंद करून, पातेल्यावर झाकण घालून तो बाहेर आला तेव्हा टॉवेल गळ्यात आला होता आणि तोही खोकत होता.

गाडीत आईचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मधूनच डोळे उघडून ती तुटक बोलत होती. "विषारी म्हणाला ना... म्हणून उकळला... उकळलं की सगळं मरतं... मग परत ठेवला असता... माशाला तोच आवडतो..."

तीस वर्षं तिनं सुया उकळल्या, कात्र्या उकळल्या, सिरिंजा उकळल्या. तसाच दगडही उकळत ठेवला होता.

दवाखान्यात डॉक्टर शेटेबाईंना आधी दम्याचा झटका वाटला. दादानं भिंतीला टेकून, श्वास गोळा करत, त्या जीवांचं नाव सांगितलं, दगडाचं सांगितलं, उकळूनही त्यांचं विष मरत नाही, वाफेबरोबर हवेत येतं हे सांगितलं. बाईंनी उडवून लावलं नाही. मोबाइलवर बराच वेळ काहीतरी वाचलं, कुणाला तरी फोन केला. मग माझ्याकडे आल्या.

"यावर उतारा नाही. श्वास आणि हृदय सांभाळायचं, बाकी शरीरावर सोडायचं. दोघांनाही आत घेते. तुला काही होतंय?"

"तोंड कडू लागतंय."

"तूही इथंच थांब. माझ्या नजरेसमोर."

अतिदक्षता विभागाच्या काचेच्या दारापलीकडे माझी आई आणि भाऊ होते, आणि अलीकडे मी. आईला थंडी वाजून हुडहुडी भरायची, तेव्हा पलंगाचे गज वाजायचे. दादा अंगाला हात लावू देत नव्हता, इतकं दुखत होतं. तो परत आत गेला होता म्हणून त्याला जास्त लागलं होतं, असं बाई म्हणाल्या. पडद्यावरच्या रेषा वरखाली व्हायच्या, मधूनच यंत्र किंचाळायचं, नर्स धावायची, आणि ती कुणाच्या पलंगाकडे वळते ते कळेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसायचा. दरवेळी कुणाकडे वळू नये असं मागायचं, तेही मला ठरवता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बिराजदारकाका म्हणाले, "पोरी, घरी जाऊन कपडे बदलून ये. दारं-खिडक्या उघडून ठेवल्यात आम्ही. पातेलं दगडासकट बंद करून नेलंय, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तसं."

घरात पाय ठेवताना मी नाकावर पदर धरला होता. पंखा बंद होता. वीज नव्हती, आणि इन्व्हर्टर कधीच संपलेला होता. टाकीत बुडबुडे नव्हते. पाणी कोमट झालं होतं. मासा तळाशी आडवा पडला होता. नारिंगी पट्टे फिके झाले होते.

मी तिथंच खाली बसले. आई म्हणाली होती, हा मासा मेला तर?

जाळीनं त्याला काढलं, पेपरात गुंडाळलं आणि अंगणात जास्वंदीखाली पुरलं. मग कपड्यांची पिशवी घेऊन दवाखान्यात परत आले आणि कुणाला काही बोलले नाही. आई हळूहळू सावरली, साध्या खोलीत आली. दोन दिवसांनी दादाचीही प्राणवायूची नळी निघाली आणि त्याला तिच्याच खोलीत आणलं. "टाकी बघितलीस का?" असं तो विचारील म्हणून मी त्याच्यासमोर एकटी बसणं टाळत होते. काही ना काही निमित्त काढून बाहेर जायचे.

शेवटी तो म्हणाला, "बस जरा."

मी बसले. पलीकडच्या पलंगावर आईचा डोळा लागला होता. संध्याकाळचं ऊन खिडकीतून तिच्या पायांवर आलं होतं.

"मेला ना?"

मी मान डोलावली. त्याच्याकडे बघायचा धीर झाला नाही. खोलीची खिडकी, पंखा, सलाईनची नळी, सगळ्यावरून माझी नजर फिरत होती. इथं काय काय काढून न्यावं लागेल?

"आईला सांगितलंस?"

"नाही."

"घरी गेल्यावर मी सांगेन. तिला वाटेल, तिच्यामुळे मेला." त्यानं आईकडे पाहिलं. "तिच्यामुळे नाही. मुळात तो आणायलाच नको होता. समुद्रातनं काढलेला असा मासा बहुतेकदा जगत नाही. मला माहीत होतं ते."

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा थकलेला होता, पण तो इथंच होता. माझ्याशी बोलत होता. हातावर माझ्या दातांची खूण काळीनिळी उमटली होती.

"तुला सांगतो," तो म्हणाला. "जहाजात लाकूड भरलं होतं. बंद तळात लाकूड राहिलं की हवेतला प्राणवायू संपतो. वास नाही, धूर नाही, काही नाही. एक खलाशी शिडीनं खाली उतरला आणि पडला. सावियो त्याला आणायला उतरला. मी पोचलो तेव्हा तो शिडीच्या मध्यावर होता. मी ओरडलो. त्यानं वर बघितलं, माझं नाव घेतलं एकदा, आणि हात सुटले त्याचे."

मी स्टूल त्याच्या पलंगाजवळ सरकवलं.

"माझ्या शेजारी एक शिकाऊ पोरगा होता, दहिया. तो उतरायला लागला. मी त्याचा पट्टा धरला. श्वासाची यंत्रं येईपर्यंत धरून ठेवला. मी स्वतः उतरलो नाही, त्यालाही उतरू दिलं नाही. यंत्रं आली तोवर दोघं गेले होते." त्यानं ओठांवरून जीभ फिरवली. "दहिया बंदर येईपर्यंत माझ्याशी बोलला नाही. उतरताना एवढंच म्हणाला, सर, तो तुम्हाला हाक मारत होता."

बाहेर ट्रॉलीचा आवाज आला आणि गेला.

"नियम तोच आहे," दादा म्हणाला. "तसंच शिकवतात. मी बरोबर केलं. सगळे अधिकारी म्हणाले बरोबर केलंस. पण..." त्यानं माझ्याकडे वळून बघितलं. त्याच्या डोळ्यांत इतकी भीती होती, की मला लहानपणचा, तापात बरळणारा दादा आठवला.

"विभा, मी तुला धरलं नसतं तर काय झालं असतं?"

"मी आत गेले असते."

"आणि?"

"आईजवळ पडले असते." मी त्याच्या हातावरच्या खुणेकडे बघितलं. "मग तुला दोघींना आणायला जावं लागलं असतं. खिडकी फोडायला बाहेर कुणीच नसतं. तिघंही आतच राहिलो असतो दादा. तू धरलंस म्हणून आई आहे. मी आहे."

तो छताकडे बघत राहिला. छाती वरखाली होत होती. मी घाबरून नर्सला हाक मारायला उठले, तेव्हा त्यानं माझा हात धरला. या वेळी अगदी हलका.

"परत सांग," तो म्हणाला.

मी परत सांगितलं. तो रडायला लागला, तोंडावर हात न घेता, आवाज न लपवता. घरी आल्यापासून पहिल्यांदा. पलीकडे आईनं डोळे उघडले होते. ती जागीच होती. सलाईनचा हात सांभाळत ती उठून बसली, पलंगावरून पाय खाली सोडले आणि भिंतीला धरून, पावलापावलाला श्वास घेत, त्याच्याकडे यायला निघाली.